अडकित्त्याच्या खुणेच्या अकरा काचा

बडोद्यात फतेगंजाजवळ युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत तळमजल्याला एक खोली आहे, तिला खिडकी नाही. बाहेर वैशाखाच्या उन्हानं डांबर पातळ होत असलं तरी आत यंत्राचा गारवा असतो. दार उघडलं की आंबूस वास येतो, तळाला गेलेल्या लोणच्याच्या बरणीसारखा. तिथं काम करणारी मुलगी म्हणाली, फिल्मचा वास आहे, आजोबा, फिल्म म्हातारी व्हायला लागली की अशी आंबते. आमच्या वेळी काच होती. काच आंबत नाही.

मी आपण होऊन तिथं गेलो नव्हतो. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही ही आमच्या घरातली रीत. माझे आजोबा सरकारी पागेत होते, वडील पलटणीत, आणि माझ्या वाट्याला काच आली, तरी ताठा तोच. मुलीनं माणूस पाठवला, रिक्षा पाठवली, तेव्हा कोट घालून निघालो. मुलीचं नाव मीनल. शहरातल्या वाडी मोहल्ल्यातली, आपलीच मराठी, पण बोलता बोलता गुजरातीत घसरते आणि तिचं तिला कळत नाही.

तिची अडचण अशी होती. महाराजांच्या राज्यात, मी जवान होतो तेव्हा, सरकारी पोथीखान्यात जुन्या पोथ्यांचे फोटो काचेच्या प्लेटांवर घेत. त्या काचा पुढं फिरत फिरत युनिव्हर्सिटीत आल्या आणि तिथं त्यांची फिल्म झाली. दोन बोटं रुंद पट्टी, चकतीवर गुंडाळलेली, पत्र्याच्या डबीत. आमचं एक अख्खं कपाट आता चार डब्यांत मावतं. मीनलला प्रत्येक डबीचं कार्ड लिहायचं होतं, कुठल्या पोथीचं काय आहे त्याचं. पण काचांच्या जुन्या पाकिटांवर नावं नव्हती. चित्रं होती. शिसपेन्सिलीनं काढलेला मोर, विंचू, पणती, फुटका तांब्या. तिनं पुष्कळांना विचारलं. शेवटी कुणी पेन्शनर बोलला की ही चित्रं काढणारा अजून जिवंत आहे, लहरीपुरा दरवाजाच्या आत राहतो.

ती चित्रं माझी. मी चौथीपर्यंत शिकलो आणि चौथीतही नापास. बाळबोध अक्षर लागायचं, पण पोथीखान्यात येणाऱ्या पोथ्या काही एका लिपीतल्या नव्हत्या. तेलंगी काय, काश्मिराकडची काय. कारकुनाची यादी कारकुनाच्या टेबलावर राही आणि तो मला तिला हात लावू देत नसे. मग मी माझ्या खुणा केल्या. पोथी आली की त्या दिवशी जे डोळ्यांत भरेल ते पाकिटाच्या कोपऱ्यात काढायचं. विंचवाची पोथी उघडली तेव्हा तिच्यातून खरोखर विंचवाचं पिल्लू पळालं होतं. मोराच्या पोथीत कुणी मोरपीस घालून ठेवलं होतं. मीनल एकेक पाकीट समोर धरी आणि मी सांगे, ही ताडपत्राची, ही पाटणकडून आली, हिचं शेवटचं पान नाही. ती भराभर लिहून घेई. म्हणाली, आजोबा, तुम्ही तर चालतंफिरतं कॅटलॉग आहात. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मग तिनं अडकित्त्याचं पाकीट उचललं.

मी म्हटलं, ते राहू दे जरा. आधी पाणी दे.

पाणी पिता पिता मला तो जुना वास आला. आंबूस नव्हे, आमचा.

पोथीखान्याच्या मागं कडुनिंबाखाली फोटोची खोली होती. तिच्यात येण्याच्या वाटेवर एक जागा अशी होती की तिथं दोन वास एकमेकांना भेटत. पुढून पोथ्यांचा वास यायचा, लाल रुमालांचा, वेखंडाचा, कापराचा, आणि पानांमध्ये ठेवलेल्या सापाच्या कातीचा. कात ठेवली की कसर लागत नाही म्हणत. मागून आमच्या औषधांचा वास यायचा, हायपोचा, नाकात टोचणारा. मी त्या जागी रोज सकाळी घडीभर उभा राहायचो. घरी गेलो की बायको म्हणायची, तुमच्या अंगाला देवळाचाही वास येतो आणि दवाखान्याचाही.

उन्हाळ्यात औषधाचं पाणी तापायचं आणि प्लेटेवरचा मसाला सायीसारखा सरकायचा. मग बर्फाच्या लाद्या मागवायच्या, भुशात गुंडाळलेल्या, ताटं त्यावर ठेवायची. पावसाळ्यात कपाटाशी कोळशाची शेगडी, नाहीतर काचांवर बुरशीची फुलं उगवत. खरा आमचा हंगाम दिवाळीनंतरचा. कोरडी हवा, स्वच्छ ऊन, दोरीवर कपडे वाळावेत तशा लाकडी घोडीवर काचा वाळत. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, जवळ आलं की लहरीपुऱ्यातले मांजावाले फुटक्या काचा मागायला येत, मांज्याला लावायच्या चुऱ्यासाठी. मसाला धुऊन मी त्यांना देत असे. कितीतरी वाया गेलेली पानं अशी बडोद्याच्या आभाळात जाऊन पतंग कापून आली असतील.

प्लेट म्हणजे काय ते सांगतो, कारण आता कुणी पाहिलेली नसते. वीतभर काच. तिच्या एका अंगाला चित्र धरणारा मसाला फासलेला. ते अंग कॅमेऱ्याकडे यायला हवं. उलटी भरली तर उजेड आधी काचेतून शिरतो आणि मग मसाल्याला लागतो, आणि तेवढ्यात अक्षराची धार जाते. मोठं अक्षर तरतं. बारीक अक्षर पाण्यात शाई पडावी तसं पसरतं. आणि प्लेट कॅमेऱ्याच्या लाकडी चौकटीत भरायची मिट्ट काळोखात. आमच्या त्या प्लेटांना लाल दिवासुद्धा चालत नसे.

मग अंग ओळखायचं कसं? कुणी बोटानं चाचपून ओळखतात. माझी बोटं औषधांनी मेली होती, चिरा पडलेल्या, काही लागत नसे. मी ओठानं ओळखायचो. काचेचा कोपरा खालच्या ओठाला टेकवायचा. मसाल्याचं अंग असेल तर हलकं चिकटतं. काचेचं असेल तर नुसतं गार. डोळे मिटून, उघडे ठेवून, सारखंच. आठ वर्षांत माझा ओठ एकदा चुकला नाही. पोथीखान्याचे साहेबसुद्धा पाहुणे आले की सांगत, आमचा प्लेटवाला ओठानं पाहतो. मी कॉलर सरळ करायचो.

कॅमेरा छगनभाई चालवायचा. पोटानं सुटलेला, तोंडानं त्याहून सुटलेला, सुरती माणूस. आणि पोथ्यांवर देखरेख शास्त्रीबुवांची. उंच, वाळके, कानाच्या पाळ्या लांब, रोज वाडीतून पायी येणार, येताना कुणाला शिवणार नाहीत. फोटोच्या खोलीचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. मसाल्यात हाडांचा सरस असतो हे त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. तयार काचाही त्यांनी पोथ्यांच्या दालनात ठेवू दिल्या नाहीत, म्हणून माझं कपाट बाहेर ओवरीत. तरी माणूस कोरडा नव्हता. दुपारी दाराबाहेर उभे राहून मला हाक मारत आणि पोथीचं शेवटचं पान वाचून दाखवत. तिथं लिहिणारा आपलं गाव लिहितो, तिथी लिहितो, आणि चुकलंमाकलं असेल तर वाचणाऱ्याची क्षमा मागतो. शास्त्रीबुवांना तेच पान सगळ्यांत आवडायचं. म्हणायचे, बघ, पाचशे पानं लिहून हा माणूस हात जोडून उभा आहे.

अडकित्त्याची पोथी वाडीतल्या एका वैद्यांची. देवदिवाळीच्या सुमाराला ते स्वतः घेऊन आले, काखेत पोथीचं लाल बासन आणि हातात अडकित्ता. सुपारी कातरत कातरत बोलायची सवय. पोथी लहानशी, बावीस पानांची, औषधांची. शास्त्रीबुवांनी ती उघडली आणि बराच वेळ खाली मान घालून बसले. मग मला जवळ बोलावून दाखवलं. मध्ये मोठ्या अक्षरांत ग्रंथ होता आणि चारी बाजूंच्या समासात मुंगीच्या पायांसारखं बारीक लिहिलेलं. वैद्यांच्या चार पिढ्यांनी आपापला अनुभव तिथं टिपून ठेवला होता, कुठली मुळी कुणाला लागू पडली, कुणाला नाही पडली, कोण वाचलं, कोण गेलं. शास्त्रीबुवा म्हणाले, मधला ग्रंथ कुठंही मिळेल, पन्नास पोथ्या आहेत त्याच्या. हे समासातलं जगात एकाच ठिकाणी आहे. मला हे उतरवून काढायचं आहे, मग माझं काम झालं.

वैद्य पोथी दोन दिवसांसाठीच देणार होते. उतरवून घ्यायला महिने लागते, म्हणून फोटो.

त्या सकाळी मला शहाणपण सुचलं. वैद्यांनी विचारलं, काळोखात सुलटंउलटं कसं कळतं हो? मी एक वाया गेलेली प्लेट घेतली आणि दहा माणसांच्या देखत ओठाला लावून दाखवली. वैद्यांचा अडकित्ता थांबला. ते शास्त्रीबुवांकडे पाहून म्हणाले, माझ्या पोथीला हे असं तोंड लावणार?

मी म्हटलं, पोथीला नाही, कोऱ्या काचेला.

शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, "आज कोरी आहे. उद्या तिच्यावर श्रीगणेशाय नमः उमटणार ना? मग ती उष्टी नाही झाली?"

कारकून टेबलावरून बोलला, चौथी नापास आहे, म्हणून पोथ्या चाटून शिकतोय. सगळे हसले. वैद्य हसले, छगनभाई पोट धरून हसला. आणि शास्त्रीबुवाही हसले, तोंडावर उपरणं धरून.

त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, या पोथीच्या प्लेटांना ओठ लावायचा नाही. मी दिला. त्यांच्या बोलण्याचं मला तितकं लागलं नव्हतं. माणूस सोवळ्याचा, तो असं बोलणारच. ते उपरण्याआडचं हसू मला लागलं.

छगनभाई मागून काळ्या खोलीत आला आणि म्हणाला, "अरे, अंधारामां कोण जोवानुं छे? होठ अडाडी दे ने." काळोखात कोण बघणार आहे, लाव ओठ. मी म्हटलं, शब्द दिलाय. शब्द दिला होता हे खरंच आहे. पण शब्दापेक्षा राग मोठा होता, हे मी तेव्हाही जाणत होतो.

मी दुसरी युक्ती काढली. डझनाच्या पेटीत प्लेटा जोडीजोडीनं येतात, मसाल्याला मसाला लावून. पहिलीचं तोंड खाली, दुसरीचं वर, तिसरीचं खाली. मोजत गेलं की चाचपायचं कारण नाही. दार लावलं, दिवा घालवला, पेटी उघडली आणि मोजत भरू लागलो. एक, सरळ. दोन, उलटून. चौकटी एकेक करून बंद होत होत्या, त्यांच्या लाकडाची टकटक मला अजून ऐकू येते. अकरा झाल्या. बारावीसाठी हात घातला आणि पेटीचा तळ लागला.

पेटीत अकराच होत्या. नंतर छगनभाईनं सांगितलं, एका काचेवर दोन पानं, पोथीला अकरा पुरतात म्हणून वरची एक त्यानं आदल्या दिवशी उजेडाचा अंदाज घ्यायला वापरली होती. पण मला ते सांगायची गरजच नव्हती. तळाचा कागद बोटांना लागला तेव्हाच मी समजलो. वरची एक गेलेली, म्हणजे जोड्या चुकलेल्या, म्हणजे मी भरलेल्या सगळ्या, अकराच्या अकरा, उलट्या.

मी काळोखात बसून होतो. चौकटी उघडायच्या, ओठ लावायचा, फिरवायच्या, पाच मिनिटांचं काम. नाहीतर दार उघडून सांगायचं, बुवा, मोडतो शब्द, काम बिघडतंय. पोथी अजून पलीकडच्या दालनात होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत राहणार होती.

मी चौकटी तशाच बाहेर नेऊन छगनभाईला दिल्या. मनात म्हटलं, बिघडू देत. बिघडल्या की येतील, दारात उभे राहतील, आणि म्हणतील, लाव बाबा ओठ. एवढंच मला ऐकायचं होतं. पोथी काय, वाडीत आहे, दहा मिनिटांवर. पुन्हा मागवता येईल.

काचा मीच धुतल्या. कागदावरचे छापही मीच काढायचो. उलट्या काचेचा छाप आरशातल्यासारखा येतो. तसा काढला असता तर छगनभाईनं एका नजरेत ओळखलं असतं. मी काच फिरवून छापलं, म्हणजे अक्षरं सुलट. मधला ग्रंथ ठळक आला. समासात करड्या रंगाची धूळ होती, अक्षरांसारखी दिसणारी. वाट पाहत होतो की कुणीतरी म्हणेल, हे काय झालं? साहेबांनी मधलं वाचलं, छान म्हटलं. पाकिटावर मी अडकित्ता काढला आणि ते कपाटात ठेवलं. पोथी वैद्यांकडे परत गेली.

शास्त्रीबुवांच्या हातात ते छाप पौषात पडले, हातातलं दुसरं काम संपल्यावर. त्याच आठवड्यात वैद्य वारले. मुलगा रेल्वेत होता, वैद्यकी वैद्यांबरोबरच संपली. वाचणारं कुणी उरलं नाही तर पोथी वाळवीला घालायची नाही, विकायची तर नाहीच, पाण्यात सोडायची, अशी त्यांच्याकडची चाल. मुलानं चांदोदला नर्मदेत अस्थी सोडल्या आणि त्यांच्यामागून लाल बासनही सोडलं. तो परत आल्यावर सरळ मनानं सांगायला आला, बाबांची पोथी त्यांच्याबरोबर दिली. शास्त्रीबुवा म्हणाले, ठीक केलंस, आमच्याकडे तिचे फोटो आहेत.

मी ओवरीत कपाट पुसत होतो. फडकं हातात तसंच राहिलं. बाहेर उत्तरायण होतं, सगळ्या गच्च्यांवरून ओरडा चालला होता.

त्यानंतर रोज शास्त्रीबुवा खिडकीशी बसत, छाप समोर, हातात भिंग. आधी म्हणाले, उजेड कमी आहे. खिडकीच्या पुढची फांदी तोडून घेतली. मग म्हणाले, भिंग जुनं झालं. साहेबांनी नवं आणवलं. मग म्हणाले, चश्मा. दवाखान्यात जाऊन नवा चश्मा घेऊन आले, जाड काचांचा. तो लावून बसले, पान जवळ नेलं, लांब नेलं, तिरकं धरलं. मी दारातून पाहत होतो. त्यांनी चश्मा काढला, डोळे उपरण्याला पुसले, पुन्हा लावला. मधली मोठी अक्षरं त्यांना दिसत होती, म्हणून त्यांना छापाचा संशय आलाच नाही. मोठं दिसतं, बारीक दिसत नाही, म्हणजे डोळेच गेले. दुसरी पोथी उघडून ताडून पाहायला हवी होती, पण ज्याला भीती वाटते तो ताडून पाहत नाही. त्या दिवसापासून ते बारीक अक्षराच्या वाटेला गेले नाहीत. कारकुनाला सांगू लागले, तू वाच, मी ऐकतो.

मी सांगणार होतो. माघात सांगणार होतो, होळी झाली की सांगणार होतो. सांगायला जायचो आणि ते उपरण्याआडचं हसू आठवायचं. पुढंपुढं ते आठवेनासं झालं, आणि मग भीती होती. नोकरीची नव्हे. आठ वर्षं जो ओठ चुकला नाही त्याची शान जाईल, ही भीती. सांगायला लाज वाटते, पण तीच होती.

चैत्रात त्यांनी काम सोडलं. साहेबांनी पुष्कळ सांगितलं. ते म्हणाले, ज्याला अक्षर दिसत नाही त्यानं पोथ्यांजवळ बसून जागा अडवू नये. जायच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेऊन ते मागं आले. कडुनिंबाचा मोहर उंबऱ्यावर पडला होता. आणि शास्त्रीबुवांनी उंबरा ओलांडला. मी उठून उभा राहिलो. ते म्हणाले, "वैद्यांच्या पोथीच्या काचा दाखव. एकदा हातात घेतो."

मी ओवरीतल्या कपाटातून अडकित्त्याचं पाकीट आणून दिलं. त्यांनी एक काच काढली, दोन्ही तळव्यांवर धरली, आणि पोथी लावतात तशी आधी एका डोळ्याला, मग दुसऱ्या डोळ्याला लावली. सरसाची काच. मग म्हणाले, "त्या दिवशी मी हसलो. हसायला नको होतं. तू ओठानं पाहत होतास, मला डोळ्यांनीही दिसत नाही."

तोंडापर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं. बुवा, डोळे तुमचे चांगले आहेत, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, बुवा, काच जपून, कड लागेल.

त्यांनी काच पाकिटात घातली, पाकीट माझ्या हातात दिलं, आणि गेले. पुढं वाडीत त्यांच्या गल्लीवरून मी कधी गेलो नाही. मांडवीला जायचं तर लांबचा फेरा घ्यायचो. कुणी सांगे, बुवा ओट्यावर बसलेले असतात, पोथी मांडीवर असते, उघडलेली नसते. चार-पाच वर्षांनी गेल्याचं कळलं. नंतर महाराज गेले, राज्य गेलं, पोथीखान्याच्या ओवरीतलं कपाट गेलं. ती दोन वासांची जागाही गेली, तिथं आता सायकली लावतात.

"आजोबा, पाणी झालं?" मीनल म्हणाली. "आता हे शेवटचंच."

तिनं डबी उघडली, फिल्मची पट्टी यंत्रात ओवली, बटण दाबलं. समोरच्या पडद्यावर काळ्यावर पांढरी पानं सरकू लागली. पन्नास वर्षं मी ती पाहिली नव्हती. ग्रंथाची अक्षरं मोठी मोठी उभी राहिली, आणि चारी बाजूंना तीच धूळ.

मीनल वाकली. बाजूची चकती फिरवली, अक्षर आणखी विरलं. उलटी फिरवली. "फोकसच बसत नाही," म्हणाली. दिवा वाढवला. काच फडक्यानं पुसली. पुन्हा चकती फिरवली, डावीकडं, उजवीकडं. मग तिनं चश्मा काढला आणि बोटांनी डोळे चोळले. स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "नंबर वाढला माझा. मम्मी कधीची सांगतेय, तपासून घे म्हणून. मधलं मोटं तर देखाय छे, हे बाजूचं नाही दिसत."

मी खुर्चीच्या दांड्याला धरून उठलो.

"चश्मा लाव, बाळ," मी म्हटलं. "डोळे तुझे चांगले आहेत. काच मी उलटी भरली होती."

तिनं चश्मा लावला. मग मी तिला सांगितलं, उभ्या उभ्या, आत्ता लिहिलं तेवढं सगळं नाही, पण पेटी सांगितली, शब्द सांगितला, खिडकीशी बसलेला माणूस सांगितला. यंत्राचा पंखा फिरत होता. सांगून झाल्यावर मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. पाय दुखत होते.

तिनं कार्ड पुढं ओढलं. "काय लिहू, आजोबा? समासातली अक्षरं अवाच्य, एवढंच लिहायची पद्धत आहे."

मी म्हटलं, "तसं नको. लिही, प्लेट उलटी भरल्यानं अक्षर पुसट. दोष प्लेटवाल्याचा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा नाही. आणि खाली माझं नाव घाल."

तिनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "एवढ्याला जागा नाही कार्डावर, आजोबा. रकाना बोटभरच आहे."

"मग समासात लिही," मी म्हटलं. "बारीक लिही. पण वाचता येईल असं लिही."